आईच्या नथेचें मोतीं



आजचा विषय सराफाच्या पेढीवरचा वाटेल. पण मी सराफ नव्हे. ताडोबाच्या अरण्यालगत मोहर्ली येथें राहणारा मी एक निवृत्त शाळामास्तर आहें. पिढीजात मोत्यांविषयीं बोलण्याचा माझा अधिकार एवढाच कीं, असें एक मोतीं मीं स्वतःच्या हातानें बिघडविलें आहे.

कन्येचें लग्न ठरलें तेव्हां माझ्या आईची नथ पेटींतून काढली. सोन्यावर मळ चढला होता. तांब्यापितळेचीं भांडीं चिंचेनें लखलखतात, म्हणून मीं ती नथ रात्रभर चिंचेच्या पाण्यांत ठेवली. सकाळीं सोनें झळकलें. पण मोत्याचें पाणी मात्र गेलें होतें. आणि हाच मी वर्षानुवर्षें वर्गांत चुनखडीवर लिंबू पिळून मुलांना बुडबुडे दाखवीत आलों होतों!

जें द्रव्य चुनखडींत, तेंच मोत्यांत. शिंपेंतील जीव त्याचे अतिशय पातळ थर एकावर एक चढवितो. त्या थरांवरून परतणारा प्रकाश म्हणजेच मोत्याचें पाणी. आंबट पदार्थ वरचे थर खातो, आणि खाल्लेला थर कोणताही कारागीर परत चढवूं शकत नाहीं. म्हणून चिंच, लिंबू, सोडा हीं वर्ज्य समजावीं. राखेनें किंवा दंतमंजनानेंही घांसूं नये; मोतीं काचेहूनही मऊ असतें. अंगावरून उतरतांच किंचित् ओलसर मऊ फडक्यानें पुसावें, एवढें पुरे. अत्तर आधीं लावावें आणि मोत्यें मागाहून घालावीं.

उष्णतेचेंही भय आहे. आमच्या चंद्रपुराकडील वैशाख आपण जाणतांच. मोत्यांत थोडा जलांश असतो. तो फार सुकला तर तडे जातात. शिवाय जुन्या पोकळ दागिन्यांत लाख भरलेली असते. आमच्या रानांतील पळसावर वाढते तीच ही लाख. ती तापली कीं मऊ पडते. म्हणून चिंचपेटी गरम पाण्यांत बुडवूं नये. मोत्यें मऊ सुती कापडांत, सोन्याच्या दागिन्यांपासून वेगळीं ठेवावीं.

दुरुस्ती होते ती मुख्यत्वें दोऱ्याची. रेशीम मळलें, सैल पडलें, मोत्यांमध्यें फट दिसूं लागली, कीं तन्मणी पटवेकऱ्याकडे न्यावा. देण्यापूर्वीं मोत्यें मोजून लिहून ठेवावीं. मोठ्या मोत्यांच्या सरांत दोहोंमध्यें गांठ मारून घ्यावी. मग दोरा तुटला तरी सारा सर विखुरत नाहीं.

आणखी एक सावधगिरी. जुन्या घरांतून ‘बसरा’ म्हणून जीं मोत्यें येतात, तीं इराणच्या आखातांतील, निसर्गानें घडविलेलीं असूं शकतात. 1893 सालीं जपानांत मिकिमोतो यांना मोतीं पिकविण्यांत पहिलें यश आलें, आणि पुढें पिकविलेल्या मोत्यांनी बाजार भरला. तेव्हां कोणी जुनें मंद मोतीं घेऊन नवें तेजस्वी मोतीं बसवून देऊं म्हटलें, तर पारख करविल्यावांचून होकार देऊं नये.

आम्हांसही असाच सल्ला मिळाला होता. मीं खाली मान घालून कन्येस विचारलें. ती म्हणाली, “बाबा, आजीचंच राहूं द्या.” तेंच मंद मोतीं लेवून ती बोहल्यावर उभी राहिली.

माझी चूक आपल्या घरीं होऊं नये, एवढ्याचसाठीं ती सांगितली.