मागून येणाऱ्यासाठी आरसा

कवितेतल्या आरशात माणूस स्वतःला पाहतो. गाडीच्या बाजूच्या आरशात मात्र दुसऱ्याला पाहायचं असतं. मागून येणारा दुचाकीस्वार, सायकलवरचं पोर. म्हणून तडकलेली काच चिकटपट्टी लावून महिनोन् महिने वापरणं हा त्यांच्या जिवाशी खेळ आहे.

श्रोतेहो, काच बदलणं तसं अवघड नाही. बहुतेक गाड्यांत काच प्लॅस्टिकच्या तबकडीवर बसवलेली असते आणि ती तबकडी खटक्यांनी आतल्या यंत्रणेला अडकते. गाडीचं मॉडेल, साल आणि डावी-उजवी बाजू सांगून तबकडीसकट काच घ्या. आरसेवाल्याकडून सपाट काच कापून आणू नका. मूळ काच बहुधा किंचित फुगीर असते, त्यामुळे मागचा अधिक रस्ता दिसतो. मात्र वाहन असतं त्याहून लांब भासतं, हेही ध्यानात असू द्या.

आता काम. जाड हातमोजे आणि चष्मा घाला. फुटक्या काचेवर आडव्या-उभ्या चिकटपट्ट्या लावा, म्हणजे तुकडे उडणार नाहीत. आरसा एका कडेला पूर्ण आत वळवा. दुसऱ्या कडेला फट पडेल. मग गाडी बंद करून किल्ली काढा. फटीत प्लॅस्टिकची चपटी पट्टी घालून तबकडी हळूहळू उचला. लोखंडी पेचकस नको, त्यानं आरशाची चौकट तुटते. थंडीत प्लॅस्टिक कडक झालं असेल तर हेअर ड्रायरची थोडी ऊब द्या. मागे वायरी असतील तर आधी मोबाइलवर फोटो काढा. वायर ओढू नका, टोकाची पिन धरून सोडवा.

नव्या तबकडीला वायरी जोडा, खटके समोरासमोर आणा आणि घडी केलेलं फडकं ठेवून मध्यभागी तळव्यानं दाबा. कडेला दाबलंत तर नवी काचही तडकेल. 'खट्' असा आवाज आला की आरसा चारी दिशांना फिरवून पाहा. आतले खटकेच तुटले असतील तर मेकॅनिककडे जा.

शेवटचं काम बरेचजण विसरतात. फुटके तुकडे जाड कागदात गुंडाळून खोक्यात घाला, वर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहा आणि घंटागाडीवाल्याला सांगून वेगळे द्या. कचरा निवडणारे हात बहुधा उघडेच असतात.