घोड्यांच्या बागेतील मोटारी



जर्मनीच्या नैऋत्य भागात, नेकार नदीच्या काठी स्टुटगार्ट नावाचे शहर आहे. या नावाचा मूळ अर्थ घोड्यांची बाग, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीसाठी राखलेले कुरण. शहराच्या मुद्रेवर आजही काळा घोडा उधळलेला दिसतो आणि पोर्शे मोटारीच्या बोधचिन्हातला घोडाही तिथलाच. घोड्याला रस्त्यावरून घालवून देणाऱ्या यंत्राने घोड्याच्याच गावी बिऱ्हाड करावे, हा योग मोठा गमतीचा आहे.

२०१९ च्या ऑक्टोबरात नागरी वाहतुकीच्या एका परिषदेच्या निमित्ताने मी दिल्लीहून तिथे गेलो. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी-नगरे, तेव्हा मराठी माणसाने तिथे अगदीच परका म्हणून वावरू नये. शिवाय माझे एक जुने कुतूहल होते. टाटांनी १९५४ साली डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला मालमोटारी बांधावयास आरंभ केला. हा करार १९६९ मध्ये संपला. पण पुढे माझ्या लहानपणी सांगलीच्या बाजारात हळदीची पोती घेऊन येणाऱ्या टाटांच्या ट्रकला जुने ड्रायव्हर 'मर्सिडीज'च म्हणत. त्या नावाचे माहेर पाहण्याची मला इच्छा होती.

आज शहरात सामावलेल्या कानस्टाट गावी गॉटलीब डाइमलरच्या बंगल्याच्या आवारात एक काचघर होते. १८८२ नंतर तो आणि त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख तिथे दार लावून रात्रंदिवस काम करीत. माळ्याला वाटले, धनी खोटी नाणी पाडतात! त्याने पोलिसांना वर्दी दिली. पोलिसांना मिळाले ते इंजिनाचे सुटे भाग. त्याच सुमारास मानहाइमला कार्ल बेंझ तीनचाकी गाडी सिद्ध करीत होता. तिचे पेटंट त्याने २९ जानेवारी १८८६ रोजी मागितले. परंतु गाडी लोकांच्या विश्वासास पात्र ठरवली ती त्याच्या पत्नीने. १८८८ च्या ऑगस्टात बेर्टा बेंझ पतीला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक. वाटेत इंधन संपले, तेव्हा वीसलोखच्या औषधविक्रेत्याकडून तिने डाग काढावयाचे द्रव्य विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. असा धीट ड्रायव्हर आणि असा मिस्त्री एकाच देहात क्वचितच सापडतो.

उन्टरटुर्कहाइमच्या कारखान्याजवळचे संग्रहालय २००६ मध्ये उघडले. लिफ्टने सर्वांत वरच्या मजल्यावर गेले की प्रथम भेटतो तो घोडा. मग उतरत्या वाटेने शतक उलगडत जाते. त्या वाटेवर युद्धकाळही येतो. १९४४ मध्ये कंपनीच्या एकूण कामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक वेठबिगार, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले बंदी होते. मोटारींची चमक पाहून आलेल्या माणसाला तिथे थांबावे लागते. शहरात बिर्केनकोप्फ नावाची ५११ मीटर उंचीची टेकडी आहे. बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या घरांचा राडारोडा तिच्यावर रचला, त्यामुळे ती सुमारे ४० मीटरांनी उंच झाली. माथ्यावर कोरीव दगड आणि खांबांचे तुकडे तसेच विखुरलेले आहेत.

त्या टेकडीवरून ध्यानात येते की हे शहर कढईत वसले आहे. धूर बाहेर पडावयास वाट नाही. नेकारटोर हा तिथला चौक जर्मनीत दूषित हवेसाठी कुप्रसिद्ध झाला. २०१८ च्या फेब्रुवारीत तेथील संघीय प्रशासकीय न्यायालयाने बंदीला मोकळीक दिली आणि १ जानेवारी २०१९ पासून जुन्या डिझेल मोटारींना शहराची दारे बंद झाली. एप्रिलपासून ती बंदी खुद्द रहिवाशांनाही लागू झाली. टेकडीवरच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. आयुष्यभर त्यांनी इंजिने जुळवली होती. ते म्हणाले, "मी केलेले इंजिन आता माझ्याच गल्लीत येऊ शकत नाही." त्यांच्या स्वरात राग होता, लाजही होती. नातीला दमा आहे, हे त्यांनी मागाहून सांगितले.

मी निरुत्तर झालो. दिल्लीत हरित लवादाने २०१५ साली दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम केली. माझीही डिझेल गाडी त्या मर्यादेला टेकली होती. कार्यालयात मी या नियमाच्या बाजूने टिपणे लिहीत असे आणि घरी त्याच नियमाला शिव्या देत असे. नोव्हेंबरच्या रात्री मुलीच्या तोंडावर वाफेचा मुखवटा धरून बसलेला बाप मीच होतो, आणि सकाळी तिला त्याच गाडीतून शाळेत सोडणाराही मीच.

त्या गृहस्थांना मी विचारले, "तुमच्या गाडीचे काय केले?" ते म्हणाले, "पूर्वेकडच्या एका व्यापाऱ्याला विकली. तिकडे अजून चालते."

दिल्लीस परतल्यावर परिवहन कार्यालयातून मी ना-हरकत दाखला घेतला आणि गाडी राजस्थानातल्या एका तालुक्याच्या गावी विकली. घेणाऱ्याने दिवाळीला फोन करून सांगितले, गाडी उत्तम आहे, शेजारच्या मुलांनाही तो तिच्यातूनच शाळेत नेतो.