काळ्या दगडाचे बेट



आपला तुंगारेश्वराचा डोंगर ज्या काळ्या दगडाचा, त्याच दगडाचे मॉरिशस बेट आहे. नाते सख्खेच म्हणा ना! पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्थानातून सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वर आला, त्याच स्थानावर फार पुढे हे बेट समुद्रातून उभे राहिले, असे भूशास्त्रज्ञ मानतात.

तेथे क्यूरपीप शहरात ‘त्रू ओ सेर्फ’ हे निद्रिस्त ज्वालामुखीचे मुख आहे. सुमारे ८० मीटर खोल. उतारावर दाट झाडी, तळाशी पाणी. शामारेलची तांबडी-जांभळी माती, धबधबा, किनाऱ्याबाहेर प्रवाळाचा बांध, एवढे पाहून प्रवासी परततो.

पण उसाच्या मळ्यांतून काळ्या दगडांचे प्रचंड ढीग दिसतात, ते काही ज्वालामुखीने रचलेले नाहीत! उसासाठी जमीन मोकळी करताना मजुरांनी तो दगड हातांनी वेचला. १८३४ पासून करारावर नेलेले आपले लोक त्यांत होते. मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्याला ‘डबल कट’ म्हणत. गिरणीत दंड भरलेल्यांना याचा अर्थ सांगावयास नको.

ते पोर्ट लुईला जेथे उतरले, त्या आप्रवासी घाटाला २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. आपण गेलात तर विवर अवश्य पाहा. मात्र एखाद्या ढिगापाशीही गाडी थांबवा. आणि भाद्रपदात गेलात तर पाहाल, गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुटी असते.