बाहूंमागचा माणूस

स्पॅनिश भाषेत ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. त्यावरून ‘ब्रासेरो’ हा शब्द आला. अर्थ असा की, बाहू राबवून पोट भरणारा मजूर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले तरुण सैन्यात नि कारखान्यांत गेले, आणि शेतातले पीक काढायला माणूस मिळेना. तेव्हा ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिका व मेक्सिको या दोन सरकारांत करार होऊन मेक्सिकन मजुरांची भरती सुरू झाली. युद्ध संपले, पण भरती काही थांबली नाही. ती १९६४ अखेरपर्यंत चालली. या अवधीत सुमारे ४६ लाख करार झाले. एकच माणूस पुनःपुन्हा जात असे, म्हणून माणसे त्याहून कमी. तरी आज अमेरिकेतल्या कितीतरी मेक्सिकन घरांत चौकशी केलीत, तर कुणाचा बाप, कुणाचा आजोबा त्या रांगेत उभा राहिलेला आढळेल.

श्रोतेहो, आज या बापांविषयी आणि आजोबांविषयी मला चार शब्द सांगावयाचे आहेत. परक्या देशाला त्यांचे बाहू हवे होते. बाहूंमागचा माणूस ध्यानात ठेवण्याचे काम मुलानातवंडांवर येऊन पडले. हे काम वाटते तितके सोपे नाही, बरं का!

भरतीच्या जागी आधी तळहात पाहत. घट्टे असले म्हणजे गडी शेतकामाचा. हात मऊ दिसले तर परत जाण्याची पाळी. सरहद्दीवर अंगावर डीडीटीची भुकटी फवारली जाई. १९५६ साली लेनर्ड नाडेल या छायाचित्रकाराने हे सारे टिपले. ती छायाचित्रे वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेने जतन केली आहेत.

मग काम. कॅलिफोर्नियातल्या शेतांत बीट आणि लेट्यूस यांची विरळणी आखूड दांड्याच्या कुदळीने करावी लागे. मजूर तिला ‘एल कोर्तितो’, म्हणजे ‘आखुडली’ म्हणत. दिवसभर कमरेत वाकून चालायचे. लांब दांड्याची कुदळ का देत नसत? पीक नीट राखले जाते, असे मालक सांगत. पण दुसरी सोय अशी की, कोणी पाठ सरळ केली तर मुकादमाला ते लांबूनच दिसे. या कुदळीने कित्येकांच्या पाठी कायमच्या गेल्या. कॅलिफोर्नियात तिच्यावर बंदी आली ती १९७५ साली.

मजुरीचेही ऐका. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतून दहा टक्के रक्कम कापून घेत. मायदेशी परतल्यावर ती मिळायची होती. पुष्कळांना ती मिळालीच नाही. पुढे त्यासाठी लढा झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या. २००५ साली मेक्सिको सरकारने जुन्या ब्रासेरोंना ३८,००० पेसो देण्याची योजना आखली. २००८ मध्ये अमेरिकेतील दाव्यात तडजोड होऊन तिथे राहणाऱ्यांना ३,५०० डॉलर देण्याचे ठरले. पण पुरावा हवा! साठ वर्षांपूर्वीचा करार, मजुरीची पावती, ओळखपत्र आणायचे कुठून? ज्याच्या घरच्यांनी ट्रंकेच्या तळाशी कागद जपले, त्याचा हक्क शाबूत. ज्याच्या घरी ते रद्दीत गेले, त्याला कष्ट करूनही ते सिद्ध करता येईनात. तेव्हा आठवण ठेवणे म्हणजे केवळ हळवेपणा नव्हे. कधीकधी ती हक्काची बाब असते.

आणि कधी ती नावाची बाब असते. २८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियात लॉस गॅटोसच्या खोऱ्यात एक विमान कोसळून ३२ माणसे गेली. त्यांतले २८ मेक्सिकन शेतमजूर. त्यांना मायदेशी धाडण्यासाठी नेत होते. वैमानिक वगैरे चौघांची नावे बातम्यांतून झळकली. मजुरांचा उल्लेख पुष्कळ ठिकाणी नुसता ‘हद्दपार केलेले’ एवढाच. वुडी गथ्री या कवीने त्याच चिडीतून एक गीत लिहिले. फ्रेस्नोच्या दफनभूमीत त्या अठ्ठावीस जणांना एकत्र पुरले, आणि वर पाटी लावली तीही बिननावाची. टिम हर्नान्देझ नावाचा एक लेखक, तोही शेतमजुरांच्याच घराण्यातला, तो ही नावे शोधत फिरला. २०१३ साली त्या जागी सर्वांची नावे कोरलेला दगड उभा राहिला. मधे पासष्ट वर्षे गेली होती.

आता एक गोष्ट मला स्पष्ट बोलायची आहे. बाप गेल्यावर आपण म्हणतो, “फार कष्टाळू होते हो!” हे खरे असते, पण पुरेसे नसते. कष्टाळू आहे की नाही, हे तर भरतीवाल्यानेही तळहात पाहून ताडले होते. घरच्यांनी त्याहून अधिक काही पाहिलेले असले पाहिजे.

होसे हर्नान्देझ यांचेच पाहा. त्यांचे आईवडील मेक्सिकोच्या मिचोआकान प्रांतातले. पिकांमागून कॅलिफोर्नियाभर फिरणारे हे कुटुंब. मुलांची शाळा सारखी बदले. एका शिक्षिकेने सांगितले, “एका जागी राहा, म्हणजे मुले शिकतील.” वडिलांनी ते ऐकले आणि कुटुंब स्टॉक्टनला स्थिरावले. १९७२ साली दहा वर्षांच्या होसेने चंद्रावर चालणारी माणसे टेलिव्हिजनवर पाहिली आणि आपणही अंतराळवीर होणार, असे जाहीर केले. तिसरी शिकलेला बाप हसला नाही. त्याने पोराला जवळ बसवून समजावले : काय व्हायचे ते ठरव, ते किती लांब आहे ते ओळख, वाट आख, शीक, आणि शेतात राबतोस तसाच अभ्यासात राब. अकरा वेळा नकार पचवून होसे २००४ साली निवडले गेले आणि २००९ मध्ये अंतराळात जाऊन आले.

या गोष्टीत मला मुलाच्या उड्डाणापेक्षा बापाचे ते न हसणे मोठे वाटते. दिवसभर वाकून आलेला माणूस रात्री मुलाच्या अचाट बोलण्यावर गंभीरपणे विचार करतो! हा विचार कोणत्याही करारपत्रात नोंदलेला नव्हता. तो मुलाने लक्षात ठेवला, म्हणून आपल्याला कळला.

स्मिथ्सोनियनने आणि काही विद्यापीठांनी मिळून शेकडो वृद्ध ब्रासेरोंच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. ही माणसे आता थोडीच उरली आहेत. ज्या घरी अशी व्यक्ती अजून आहे, तिथल्या नातवंडांनी आजोबांना कुदळीविषयी जरूर विचारावे. पण तेवढ्यावर थांबू नये. परगावच्या त्या रात्री तुम्ही कोणती गाणी म्हणत होता, कुणाला पत्रे धाडत होता, कशाची भीती वाटे, हेही विचारावे. आणि उत्तर उशिरा आले, तरी उठून जाऊ नये.