मारवा कुणाचा?



पुण्यात गाणं ऐकणारी चार माणसं एकत्र आली की चहा येण्याआधी वाद सुरू होतो. सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेच्या मैदानावर भरायचा, त्या दिवसांत हा वाद मांडवाच्या बाहेर, शाल कानावरून ओढून घेत, पहाटेपर्यंत चालायचा. किशोरीताईंचा भूप, भीमसेनजींची तोडी, कुमारजींची निर्गुणी भजनं, प्रत्येकाचं दैवत वेगळं. आमच्या घरात मात्र अनेक वर्षं एकच प्रश्न होता. मारवा कुणाचा?

बाबांचा मारवा उस्ताद अमीर खाँसाहेबांचा. ती त्यांची गाजलेली एल.पी., एका बाजूला मारवा आणि पलटली की दरबारी. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात पलीकडच्या खोल्यांत एक काका राहायचे. त्यांचा मारवा पंडित वसंतराव देशपांडे यांचा. काकांकडे तबकडी नव्हती. कुठल्याशा मैफलीच्या टेपवरून उतरवलेली आणि त्या प्रतीवरून पुन्हा उतरवलेली एक कॅसेट होती. तिच्यात कुणीतरी खोकतं, कपबशी वाजते, मध्येच दाद उसळते आणि दोन क्षण गाणं त्या दादेखाली बुडून जातं.

बाबांची तबकडी लावण्याची रीत मला आजही डोळ्यांसमोर दिसते. वेळ दिवेलागणीची. मारवा सूर्यास्ताचा राग, तो त्यांनी दुपारी कधी लावला नाही. फियेस्टा रेकॉर्ड प्लेयरचं झाकण उघडायचं, एल.पी. दोन्ही तळव्यांमध्ये कडांनी धरायची, मऊ फडक्यानं गोल गोल पुसायची, सुईवरचा धुळीचा कण हलकेच फुंकायचा. मग खरखर, आणि त्या खरखरीतून तंबोरा. आम्हा मुलांना तेव्हा पाय हलवायलाही बंदी असे, कारण लाकडी तक्तपोशी हलली की सुई उडायची.

मारव्यात पंचम नाही. ऋषभ कोमल आहे, मध्यम तीव्र आहे आणि गाणारा षड्जावर सहजासहजी टेकत नाही. तो ऋषभ आणि धैवताभोवती फिरत राहतो. घर समोर दिसतंय पण पाऊल आत पडत नाही, अशी काहीतरी अवस्था होते ऐकणाऱ्याची. खाँसाहेब हे सगळं झुमऱ्याच्या संथ लयीत, मंद्रात खोल उतरून मांडतात. त्यांना कसलीच घाई नाही. वसंतराव तसे नाहीत. त्यांना हा राग लाहोरला असद अली खाँ यांच्याकडून मिळाला, आणि ते तो असा गातात की जणू कोणी कोंडलेला माणूस भिंती चाचपतो आहे. काका म्हणायचे, “लोकांना वसंतराव ‘कट्यार’ नाटकामुळे माहीत. हा माणूस लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं नोकरी करून संध्याकाळी असा मारवा गात होता, हे कुणी लक्षात घेत नाही.”

बाबांचं उत्तर ठरलेलं. “अहो, वीस मिनिटांत एवढा अवकाश उभा करायचा, हे गायचं काम नाही, बांधायचं काम आहे.”

यावर काका उसळायचे. “तबकडी म्हणजे फोटो. माणूस मैफलीत असतो.”

“मग त्या तीन मिनिटांच्या फोटोनं भीमसेन घराबाहेर कसे पडले?” बाबा विचारायचे, आणि काका गप्प व्हायचे. कारण ती हकिकत त्यांच्याही श्रद्धेची होती. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी, अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची जेमतेम तीन मिनिटांची एक बाजू. ती कानावर पडली आणि अकरा वर्षांच्या मुलाला गुरू शोधायला घर सोडावंसं वाटलं. त्याच मुलानं पुढे पुण्यात येऊन १९५३ साली गुरूंच्या नावानं महोत्सव सुरू केला.

आई या वादात कधी पडली नाही. तिची ध्वनिमुद्रिका ‘गीतरामायण’, पण त्यातही तिची एक अट होती. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्याचं पहिलं गीत गेलं, आणि पुढे वर्षाहून थोडा जास्त काळ दर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीतं झाली. शेवटच्या काही आठवड्यांत मी तिच्या पोटात होते. पुढे बाबांनी हौसेनं बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, आवाजातल्या तबकड्या आणल्या. आईनं मन लावून ऐकलं, आणि म्हणाली, “बाबूजी गोडच गातात. पण रेडिओवर माझी सीता बाईच्या आवाजात बोलायची.” तिच्या कानात माणिक वर्मा होत्या. माजघरात एकटी, दिवस भरत आलेले, आणि रेडिओतून एक बाई आपलं दुःख सांगते आहे. त्या सीतेच्या जागी तिला दुसरा आवाज चाललाच नसता, तो कितीही थोर असो. आईचं हे म्हणणं बाबा आणि काकांच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा मला आजही जास्त पटतं.

मी बाबांच्या बाजूची होते. लग्न होऊन कोथरूडला गेले तरी मारवा म्हटलं की मला खाँसाहेबच आठवायचे. मग चाळिशीत एकदा यजमानांचं मोठं ऑपरेशन झालं. नऊ दिवस मी रुग्णालयाच्या बाकावर बसून होते. धीर म्हणून काकांनी आपली ती कॅसेट आणि नातवाचा वॉकमन पाठवून दिला होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी तो कानाला लावला. खोकला, कपबशी, सगळं होतं. आणि त्या संध्याकाळी मला शांत करणारा मारवा नकोच होता. माझ्यासारखाच येरझाऱ्या घालणारा हवा होता. वसंतराव रुग्णालयाच्या बोळातून माझ्याबरोबर चालत राहिले. यजमान बरे होऊन घरी आले, कॅसेट परत गेली. बाबांना मात्र मी हे कधीच सांगितलं नाही.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तेराव्यानंतरच्या एका रविवारी काका काठी टेकत आले. वाडा तोवर पाडलेला, त्या जागी इमारत उभी. थोडा वेळ नुसते बसले आणि म्हणाले, “ती लाव.” कुठली, ते विचारावं लागलं नाही. मी एल.पी. कडांनी धरली, पुसली, सुईवर फुंकर घातली. काकांनी डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली. सुई शेवटच्या रेघेत फिरत राहिली तरी ते हलले नाहीत. मग म्हणाले, “पलटव.” दरबारीही आम्ही संपेपर्यंत ऐकला.

निघताना दारात चपला चढवत ते वळले. “काही म्हण, तरी मारवा वसंतरावांचाच.”

मलाही तसंच वाटत होतं. पण माझ्या तोंडून निघालं, “अहो काका, वीस मिनिटांत एवढा अवकाश उभा करायचा...”

काका काठी भिंतीला टेकवून पुन्हा आत येऊन बसले. मी चहा ठेवला.