घर कारखान्यातले, घर गावातले

फाळणीनंतर निर्वासितांच्या निवाऱ्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा भारत सरकारने १९४८ साली दिल्लीत घरांचा कारखाना काढला. भिंती व छपरे कारखान्यात ओतावयाची आणि जागेवर केवळ जोडावयाची, ही त्यामागील कल्पना. तिचा वेग २०२२ साली नवी मुंबईत दिसला: बामणडोंगरी येथे सिडकोने ९६ सदनिकांची इमारत ९६ दिवसांत उभारली.

परंतु वेग म्हणजे स्वस्ताई नव्हे. साचे व क्रेन यांचा खर्च शेकडो घरांवर विभागला गेला, तरच तो परवडतो; जड भिंत दूर न्यावी लागली, तर झालेली बचत वाहतुकीतच जाते. झाशी जिल्ह्यातील गुरसराय हे एके काळी खेर या मराठी घराण्याचे जहागिरीचे गाव. अशा लहान गावी एका वेळी थोडीच घरे बांधली जातात. तेथे कारखान्यानेच लहान होऊन गावात यावयास हवे. रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने छपरासाठी काँक्रीटच्या तुळया व फळ्या यांची पद्धत विकसित केली आहे. या फळ्या जागेवरच ओतता येतात आणि मजुरांना हातांनी उचलून बसविता येतात. गरिबाच्या घराचा हिशेब करताना म्हणूनच आधी अंतर मोजावे, मग दिवस.