न उतरणारा ताप



हैदराबादेत नल्लकुंट्याचे नाव निघाले की आधी आठवते ते तेथील तापाचे रुग्णालय. त्याला सर रोनाल्ड रॉस यांचे नाव दिलेले आहे, आणि ते यथार्थच आहे. याच नगरीच्या परिसरात, सिकंदराबादेस, २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले आणि तो शत्रू शरीरात कोणत्या वाटेने शिरतो याचा माग लागला.

परंतु प्रत्येक ताप बाहेरून येत नाही. एखादे मूल आठवडेच्या आठवडे तापाने कणकणते, फिकट पडते, अंगावर कारण नसता काळेनिळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते. घरची माणसे विषमज्वर समजून पथ्यपाणी करीत राहतात. रक्त तपासल्यावर कळते की, हा शत्रू बाहेरचा नव्हेच. अस्थिमज्जेतील आपल्याच पेशी आपला धर्म सोडून बेसुमार वाढू लागल्या आहेत. हाच रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया.

या घरभेद्याचा पहिला ठसा १९६० साली हाती लागला. फिलाडेल्फियातील पीटर नॉवेल या तरुण संशोधकाने रोग्याच्या रक्तपेशी साध्या नळाच्या पाण्याने धुतल्या. त्या फुगल्या आणि आतील गुणसूत्रे सुटी सुटी दिसू लागली. गुणसूत्रांचा अभ्यास करणारा डेव्हिड हंगरफर्ड त्याच्या जोडीस आला. एका प्रकारच्या जीर्ण ल्युकेमियात एक गुणसूत्र नेहमी आखूड असते, असे दोघांना आढळले. पुढे १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखविले की, बाविसाव्या व नवव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. या सांध्यातून एक विपरीत प्रथिन निपजते, आणि ते पेशीला ‘वाढ, वाढ’ असा अखंड हुकूम देत राहते. तो हुकूमच बंद पाडणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत संमत झाले. पूर्वी काही वर्षांतच प्राण घेणारा हा रोग आज पुष्कळांच्या बाबतीत रोजच्या गोळीने आटोक्यात राहतो.

पण गोळी सापडली म्हणजे ती गरिबाच्या हाती पडलीच असे नाही. मूळ कंपनीच्या औषधाचा खर्च महिन्याला सुमारे १,२०,००० रुपये येई. भारतीय कंपन्यांचे तेच औषध ८,००० ते १०,००० रुपयांत मिळे. या कंपन्यांपैकी एक, नॅटको, आपल्या हैदराबादचीच. पेटंटचा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने पेटंट नाकारले आणि स्वस्त औषधाची वाट मोकळी राहिली.

या क्षेत्रात मराठी माणूसही मागे नाही. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकल्या. मुंबईस डॉ. व. रा. खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पेशी देहाबाहेर काचपात्रात वाढविण्याचे तंत्र अमेरिकेतून शिकून त्या मायदेशी परतल्या, आणि उंदरांवरील प्रयोगांतून ल्युकेमियासारख्या रोगांचा त्यांनी माग घेतला. परदेशी राहणे त्यांना अशक्य नव्हते. पण प्रयोगशाळा येथे उभी राहिली पाहिजे, हे त्यांनी मानले. ती परंपरा खंडित झालेली नाही. रोग्याच्याच रक्तातील पेशींना कर्करोग ओळखण्यास शिकवणारा, मुंबईच्या आय. आय. टी. व टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्यातून साकारलेला उपचार २०२३ साली भारतात संमत झाला.

तरुण श्रोत्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, या शोधांचा आरंभ मोठ्या यंत्रांनी झाला नाही. दृष्टीस पडलेली लहानशी विसंगती कोणीतरी दुर्लक्षित केली नाही, म्हणून झाला.

आणि आईबापांना विनंती आहे. न उतरणाऱ्या तापाला नशिबाचे नाव देऊ नका. वेळीच रक्त तपासून घ्या. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा ल्युकेमिया योग्य उपचारांनी बहुतेकदा बरा होतो. मात्र ते उपचार दोन-तीन वर्षे चालतात. मूल खेळू-बागडू लागले म्हणजे औषध पुरे झाले, असे समजून ते अर्ध्यावर सोडू नका. संशोधकांनी आयुष्य वेचून आणलेले हे दान आपल्या दारावरून परत जाऊ नये.